सांध्यांवरची सपरी : फेब्रुवारी ते डिसेंबरची वही

९ फेब्रुवारी

घरासमोरची सपरी, म्हणजे उतरत्या छपराची समोरून उघडी ओसरी, मागच्या पावसाळ्यात उगवतीकडून बसली होती, ती काल पूर्ण उतरवली. नवी तिच्याच जागी करायची: २४ फूट लांब, ८ फूट खोल, तीन खण. समोर चार खांब, मागे घराची मातीची भिंत, वर इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं), एकच उतार. गाव आर्वी तालुक्यातलं, जमीन काळी, म्हणजे पराटीला (कपाशीला) मायाळू आणि बांधकामाला वैरीण.

घरच्यांचा कौल लोखंडी पाइप आणि टिनाला होता. कोटेशन ६२,००० चं, आठवड्यात काम मोकळं. पण चुलत्याच्या पडक्या घराचं सागवान कोठ्यात रचून ठेवलेलं होतं, आणि टिनाखाली मे महिन्याच्या दुपारी कोणी बसत नाही हे आख्खं गाव जाणतं. ते पडकं घर सोडवतानाच एक गोष्ट दिसली होती. जिथे कोणी मागाहून लोखंडी खिळा ठोकला होता, तिथलं लाकूड खिळ्याभोवती काळं पडून भुसभुशीत झालेलं. जिथे लाकडी खुंटी होती, तिथे ती मोगरीने ठोकूनच काढावी लागली. तेव्हाच ठरवलं की मुख्य सांगाडा कुसू (एका लाकडाच्या टोकाची जीभ, दुसऱ्याच्या भोकात बसणारी) आणि खुंटीवरच उभा करायचा. खिळे फक्त रिपांना.

आज सगळं लाकूड उन्हात ओढून मोजलं. एक तुळई १७ फुटी, एक ११ फुटी, दोन्ही सहा इंचांच्या आसपास. खांब पाच, त्यातला एक पोकळ. कड्या बऱ्याच. स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. बाहेरची पांढरी, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, उधळीने (वाळवीने) खाल्लेली, आतला गाभा दगडासारखा. १७ फुटीचं एक टोक भिंतीत असल्यामुळे कुजलं होतं, ते फूटभर कापावं लागणार.

नवं सागवान विकत घेऊन हे काम करायचं मनात आणू नये. सपरीला वीस घनफुटांच्या आसपास लाकूड लागतं. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी गेलं, त्या दर्जाच्या मालाच्या लिलावात आपण हात घालायचा नाही. आणि धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) स्वतःचा साग, बीजा, ऐन किंवा तिवस तोडायचा म्हटला तरी परवानगी लागते. गाडीत भरायचा तर वाहतूक परवाना हातात हवा.

१६ फेब्रुवारी

आरामशीनवर कड्या चिरायला नेल्या. तिसऱ्याच कडीत आत मोडून राहिलेला खिळा निघाला, पट्टा तुटला. मशीनवाल्याने १,४०० रुपये लावले आणि बाकीचा माल परत न्यायला सांगितलं. त्याचंही बरोबर आहे.

घरी जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि प्रत्येक लाकडाच्या चारी अंगांवरून हळू ओढत नेलं. जिथे सुतळी तिरपी झाली तिथे खडूची खूण. वरून काहीच दिसत नव्हतं अशा जागी खिळे निघाले. काही काढले, काही काढण्यापेक्षा तेवढा तुकडाच सोडून दिला. चुंबक दाखवल्यावर मशीनवाला चिरून द्यायला तयार झाला, पण पट्ट्याची जबाबदारी आमची या बोलीवर.

२३ फेब्रुवारी

मिस्त्री मिळाले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य वखर, तिफणी आणि बंड्या (बैलगाड्या) करण्यात गेलेलं, घराचं काम तरुणपणी केलेलं. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. रोज ९०० रुपये आणि दोन वेळा चहा. सोबत माझा चुलतभाऊ आणि एक मदतनीस.

पहिला वाद मापावरून झाला. १७ फुटी तुळई मधे वाकडी, एका टोकाला पावणेसहा इंच, दुसऱ्याला सव्वासहा. मी टेप लावून तिच्या अंगावरून मोजायला लागलो. काकाजींनी टेप काढून घेतला.

“लाकूड वाकडं हाय तं वाकडं राहू दे ना, बाबू. दोरी कायले वाकडी करतं?”

त्यांची पद्धत अशी. तुळई दोन ओंडक्यांवर ठेवायची, वाक वरच्या अंगाला. दोन्ही टोकांच्या तोंडावर ओळंबा धरून उभी रेघ आखायची. मग निळीत बुडवलेली दोरी टोकापासून टोकापर्यंत ताणून एकच फटका मारायचा. ती निळी रेघ म्हणजे तुळई, बाकीचं लाकूड तिच्याभोवतीचं गबाळं. खांबाच्या जागा, तिरप्यांची (खांब आणि तुळईच्या कोपऱ्यातल्या तिरक्या टेक्यांची) भोकं, वाशांच्या खाचा, सगळं त्या रेघेपासून मोजायचं. आम्ही धरलं की या वाकड्या लाकडाच्या पोटात साडेपाच इंची सरळ तुळई आहे, म्हणजे रेघेच्या खाली पावणेतीन इंच. जिथे खांब येणार तिथेच खालचं अंग वाकसाने आणि रंध्याने त्या मापापर्यंत तासून सपाट बैठक केली. एका जागी दोन सूत (इंचाला आठ सूत) तासावं लागलं, दुसऱ्या जागी सहा. पण चारही बैठका रेघेपासून सारख्याच अंतरावर आल्या, म्हणून चारही खांब एकाच लांबीचे कापता आले. वाकडं लाकूड आहे म्हणून ज्यांचं काम अडलंय त्यांनी एवढी एक गोष्ट घेतली तरी पुरे.

तुळईला जुन्या कड्यांच्या खाचा होत्या. त्या कोणत्या अंगाला ठेवायच्या, यावर अर्धी सकाळ गेली. दिसायला वाईट म्हणून मला खाली नको होत्या, काकाजींना वेगळ्याच कारणाने नको होत्या. तुळई भाराने खाली झुकते तेव्हा तिचं खालचं अंग ताणलं जातं आणि वरचं दाबलं जातं. खाच वर असली तर तीत घट्ट ठिगळ बसवलं की ते दाबाखाली आणखी घट्ट होतं. खाली असली तर ठिगळ काही कामाचं नाही, तेवढं लाकूड गेलंच समजा. खाचा वरच.

३ मार्च

खांबांचे खड्डे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला दगड दर वर्षी वर-खाली होतो. जुनी सपरी त्यानेच बसली होती, तिचे तळखडे (खांबाखालचे दगड) दीड फुटावर नुसते मातीत ठेवलेले. या वेळी मुरूम लागेपर्यंत खणलं. तीन खड्ड्यांत साडेचार फुटांवर लागला, चौथ्यात साडेपाच. खाली डबर, वर मुरूम थराथराने पाणी मारून चोपला, त्यावर जुनेच तळखडे. पाण्याच्या नळीने चारही एका पातळीत आणले. दगड, मुरूम, ट्रॅक्टर आणि पाथरवट मिळून ९,२००. घरच्यांना हा खर्च जमिनीत पुरल्यासारखा वाटला, आणि तो पुरलाच आहे.

तळखड्यांना खांबाचं कुसू बसायला वर चौकोनी खोबण आहे. तिच्यात पाणी साचलं तर खांबाचा पाय कुजणार. पाथरवटाला खोबणीपासून बाहेर उताराची पन्हळ काढायला सांगितलं. त्याने तीन दगडांना काढली, चौथा दगड तडकायच्या बेतात दिसला म्हणून सोडला.

१५ मार्च

सांधे कापायला सुरुवात. खांबाच्या डोक्याचं कुसू दोन इंच जाड, चार इंच लांब. जाडी लाकडाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवायची. कुसू जाड केलं तर तुळईच्या भोकाचे गाल पातळ होतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं.

जुन्या सागाचं भोक पाडणं म्हणजे काय, ते पटाशी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आधी गिरमिटाने ओळीने छिद्रं, मग विंधण्याने भिंती सरळ. सागात अंगचीच रेती असल्यासारखी धार जाते. एका भोकात दोनदा धार लावावी लागते. ड्रिल मशीन आणलं होतं, पण हातात धरून ते तिरपं जातं आणि भोक आरपार झाल्यावरच कळतं. गुण्या टेकवून हाताच्या गिरमिटाने पाडलेली छिद्रं जास्त सरळ आली. चुलतभावाचा यावर विश्वास बसेना, त्याने आपल्या वाट्याचं एक भोक मशीननेच पाडलं. तिकडून दोन सूत बाजूला निघालं. तेवढं ठिगळ आता त्याच्या नावावर आहे.

एक छोटी पण वेळ वाचवणारी गोष्ट. प्रत्येक कुसू आणि त्याचं भोक यांवर पटाशीने जोडखुणा करायच्या: एक रेघ, दोन रेघा, तीन. खडू पुसला जातो, पेन उन्हाने उडतं. जुन्या खांबांवरही अशाच खुणा सापडल्या.

२४ मार्च

तिरपे. भिंत नसलेल्या सपरीला तिरपे नसतील तर चौकट काटकोनात राहत नाही, कुसू कितीही घट्ट असो. जुन्या घरांना हे चालून जायचं, कारण खांबांच्या मधे मातीची भिंत भरलेली असे आणि चौकटीला तीच आवरायची. आमच्या जुन्या सपरीला ना भिंत होती ना तिरपे.

खांबापासून ३० इंच आणि तुळईखाली ३० इंच, असे पंचेचाळीस अंशांत बसवायचे. लांबी काढताना काकाजींचा हिशेब: पाचाला सात. म्हणजे तीसाला बेचाळीस. सगळे तिरपे त्या मापाने कापले. जमिनीवर जुळवून पाहिलं तर खांदे (कुसूच्या मुळाशी दुसऱ्या लाकडावर टेकणारी पायरी) टेकेनात, प्रत्येक ठिकाणी बोट जाईल एवढी फट. कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. तीस बाय तीसचा कर्ण ४२.४३ इंच येतो. पाचाला सात हे माप बंडीच्या चाकाजवळ चालतं, इथे ते साडेतीन सूत खातं.

तिरपे लांब करता येत नाहीत, म्हणून भोकं सरकवली. ४२ इंची तिरप्याला दोन्ही अंतरं २९.७ इंच हवीत. प्रत्येक भोक कोपऱ्याकडे अडीच सूत वाढवलं आणि मागे उरलेल्या जागेत सागाची पाचर ठोकली. तिरपा दाबाखाली काम करतो, म्हणून त्याचं टोक ज्या बाजूला रेटतं ती बाजू अखंड लाकडाची हवी, पाचरीची नको. पाचर रेटणाऱ्या बाजूला येत असेल तर ती आडव्या रेषांची न घेता उभ्या रेषांची, शक्य तेवढी लांब घ्यावी. आमच्या चार ठिकाणी तशीच आली. जवळपास आठवडा याच दुरुस्तीत गेला. पुढच्या कामाला तिरप्याचं माप गणिताने न काढता चौकट जमिनीवर मांडून, लाकूड तिच्यावर ठेवून, थेट आखून घेणार.

तिरप्यांना लाकूड धुऱ्यावरच्या बाभळीचं वापरलं, जानेवारीत पाडलेल्या. काकाजी म्हणाले, “वली हाय अजून.” सागाच्या कड्या वाचवायच्या म्हणून तरी तीच लावली. पुढे मे महिन्याच्या नोंदीत त्याचं काय झालं ते आहे.

५ एप्रिल

तुळईचा जोड. १६ फुटी आणि साडेदहा फुटी तुकडे १८ इंचांच्या सांध्यात जोडायचे. अर्धं-अर्धं लाकूड, मधे एक पायरी, पायरीत दोन्हीकडून उलटसुलट पाचरी, दोन्ही टोकं आत तिरपी म्हणजे उघडायची नाहीत, आणि चार खुंट्या.

जोड कुठे आणायचा हे कापण्याआधी ठरवावं लागतं. खणाच्या मधोमध आला तर सगळ्यात जास्त वाक तिथेच. खांबाच्या डोक्यावर आला तर खांबाचं कुसू त्याच्याच पोटात शिरतं आणि आधीच अर्धं झालेलं लाकूड आणखी पोकळ होतं. आम्ही तिसऱ्या खांबाच्या अलीकडे, खांब आणि त्याच्या तिरप्याचं डोकं यांच्या मधे आणला. दोन्हीकडून खालून टेका आहे. मधल्या खणात खांबापासून अर्धा फूट सोडून सुरू होतो आणि तिरप्याच्या भोकाआधी संपतो.

प्लायचा साचा कापून दोन्ही तुकड्यांवर तोच उलटवून आखला. पहिल्यांदा जुळवला तेव्हा पायरीपाशी उजेड दिसत होता. काकाजींनी सांध्यात पातळ करवत घातली आणि दोन्ही तोंडांच्या मधून एकदा ओढली. जिथे टेकत होतं तेवढंच कापलं गेलं, जिथे फट होती तिथलं लाकूड तसंच राहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ओढली. उजेड गेला. एवढं सोपं काम मला चाळीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

१३ एप्रिल

खुंट्या. करवतीने कापलेल्या चौकोनी पट्टीला गोल करून केलेल्या पहिल्या खुंट्या ठोकताना मोडल्या, कारण करवत लाकडाच्या रेषा तोडत जाते. मग कोठ्यात दोन उन्हाळे खाल्लेला धावड्याचा कुऱ्हाडीचा दांडा निघाला, तो रेषेबरोबर फोडला, विळ्याने तासला, टोकाला निमुळता केला. फोडलेली खुंटी वाकते पण मोडत नाही. जाडी सहा सूत.

खरी गंमत भोकाची. खुंटीचं भोक सरळ पाडायचं नाही. आधी तुळईच्या गालांतून भोक. मग कुसू आत बसवून गिरमिटाच्या टोकाने त्यावर खूण. मग कुसू बाहेर काढून त्याचं भोक त्या खुणेपासून किंचित खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. सांधा बसवून खुंटी ठोकली की ती दोन भोकांमधून वाकत जाते आणि जाताना खांबाचा खांदा तुळईच्या बैठकीवर ओढून घेते. मोगरीचा आवाज बदलत जातो. आधी पोकळ, मग भरीव, आणि खांद्यावरची फट डोळ्यांदेखत मिटते.

किती सरकवायचं? बाभळीत एक सूत चाललं. जुन्या कोरड्या सागात एक सूत घेतलं तर कुसूच्या टोकाकडून बारीक चीर गेली, म्हणून तिथे अर्धं सूत. आणि बाजू चुकवायची नाही. चुलतभावाने एका कुसूचं भोक खांद्यापासून दूर सरकवलं, खुंटी ठोकल्यावर सांधा बसण्याऐवजी उघडायला लागला. ते भोक कोरड्या सागाची बुची ठोकून, गोंद लावून बंद केलं आणि रात्रभर ठेवून नव्याने पाडलं.

२१ एप्रिल

उभारणी. चार खांब, तुळई आणि तिरपे जमिनीवर जोडून अख्खी चौकट एकदम उभी करायची ठरली. वजन तीनशे किलोच्या पुढे. लग्नसराईत माणसं मिळणं कठीण, तरी सकाळी सहाला उन्हाआधी बारा-पंधरा जण जमले. दोर, बांबूच्या कैच्या आणि एक भाड्याची चेनपुली.

घोटाळा पायांशी झाला. खांब तिरपा असताना खालचं कुसू तळखड्याच्या खोबणीत शिरत नाही, कडेला अडतं. आणि चार खोबणी एकाच वेळी. शेवटी चौकट खोबणीच्या मागे नुसत्या दगडावर उभी केली, ओळंब्यात आणली, दोर बांधले, मग पहारीने एक-एक खांब उचलून आत सरकवला. आधीच खालच्या कुसूच्या कडा पाचरीसारख्या उतरत्या तासल्या असत्या तर तासभर वाचला असता. कर्ण मोजले, अर्ध्या इंचाचा फरक होता, दोराने ओढून मारला.

४ मे

काल संध्याकाळी वावधान, म्हणजे वादळी वारा, आलं. चौकट लांबीच्या दिशेने जागची हलली नाही, तिरपे चोख. पण भिंतीच्या दिशेने तिला अजून काही धरून नव्हतं, बांबूच्या टेकूंवर उभी. ती दोन इंच बाहेर झुकली. आडव्या कड्या बसवायचं काम लग्नामुळे आठवडाभर मागे पडलं होतं, तेच अंगाशी आलं.

आज कड्या आधी. तुळईपासून घराच्या भिंतीपर्यंत चार. यांच्याशिवाय वाशांचा रेटा तुळईला बाहेर ढकलत राहतो. तुळईच्या टोकाला कडीला शेपटीसारखा पसरट आकार दिला आणि तुळईच्या वरच्या अंगात तशीच खाच. खांबाच्या नेमक्या डोक्यावर न करता नऊ इंच सरकवून, म्हणजे खालच्या कुसूचं भोक आणि वरची खाच एका जागी येत नाहीत. शेपटीचा सांधा लाकूड आटलं की ढिला होतो, म्हणून सगळ्यात जुनं, कोरडं सागवान याला ठेवलं होतं, आणि एका बाजूला पाचरीची जागा राखली.

भिंतीकडे कडी आरपार काढली. दीड फुटी मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. खोलीच्या आत भिंतीला सागाची फूटभर रुंद पाटी टेकवली, कडीचं टोक तिच्यातून बाहेर आणलं आणि त्यात आडवी पाचर ठोकली. भार पाटीभर पसरतो. आईने दुसऱ्या दिवशीच त्या चार टोकांवर पिशव्या टांगल्या.

१९ मे

वासे, रिपा, कवेलू. वाशांना कड्या कमी पडल्या, सहा सागाचे फाटे (चिरलेली चौकोनी लाकडं) पावतीसह विकत, २,७०० रुपये. वाशाची तुळईवर बसणारी खाच वाशाच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवली, नाहीतर वळचणीचा भाग तिथून मोडतो. उतार ८ फुटांत ४ फूट. कवेलू चारशेच्या वर लागले, दीडशे नवे, बाकी पडक्या घराचे. छपराचं वजन अकराशे किलोच्या आसपास भरतं. वावधानात टिन उडतं, हे बसून राहतं.

आता बाभळीचे तिरपे. मे महिन्याच्या उन्हात वाळून ते आटले, दोन तर पिळवटले. खांदे उघडे, कुसू भोकात हलतं. सागाचे सांधे जिथल्या तिथे. लाकूड लांबीत आटत नाही, रुंदीत आणि जाडीत आटतं, त्यामुळे कुसू सैल झालं. सांधा ढिला झाला तरी खुंटी ओढून धरत होती. खुंट्यांची टोकं मागच्या बाजूला दोन इंच बाहेर राखली होती, ती पुढून आणखी ठोकली, फटी बऱ्याच मिटल्या. पिळवटलेले दोन काढून सागाच्या कड्यांचे नवे केले, या वेळी मांडून आखलेले. काकाजी काही बोलले नाहीत, फक्त जुने दोन उचलून आपल्या घरी जळणाला घेऊन गेले.

१५ जून

पहिला चांगला पाऊस. पश्चिमेच्या कोपऱ्यातला तळखडा, ज्याला पन्हळ नव्हती, खोबणीत पाणी घेऊन बसला. वाऱ्याने पावसाची सड (तुषार) आत येते, वळचण दीड फूट असूनही. खांब आता निघत नाही. हॅमर ड्रिलने दगडाच्या बाजूने वर चढतं दहा मिलिमीटरचं भोक खोबणीच्या तळापर्यंत पाडलं, पाणी सुतासारखं वाहून गेलं. दगड तडकला नाही. खांबांच्या पायांना आणि उघड्या टोकांना करंजीचं तेल दोनदा. पाणी लाकडाच्या अंगातून कमी शिरतं, टोकातून जास्त. तेल टोकांनाच जास्त पाजायचं.

ऑगस्ट, पोळ्याच्या आधीचा रविवार

कॅलिपर लावून मोजलं. मेमध्ये खूण केलेला खांब त्याच जागी दोन मिलिमीटर फुगला आहे. सांधे सगळे घट्ट. शेपटीच्या पाचरी हाताने हलत नाहीत. तिरप्यांच्या बैठकीत केस जाणार नाही. तळखडे नळीने तपासले, पातळीत आहेत. चौथा, साडेपाच फुटांचा, तोसुद्धा.

सपरीत आता बैल रंगवायचं काम चालू आहे. नव्या खांबाला गेरू लागला म्हणून घरात एक भांडण झालं, त्याची नोंद इथे नको.

१४ डिसेंबर

थंडीच्या कोरड्या हवेत दोन शेपटीच्या सांध्यांच्या पाचरी सैल झाल्या, ठोकल्या. बाभळीच्या उरलेल्या तिरप्यांच्या खुंट्या पुन्हा अर्धा इंच आत गेल्या. सागाच्या सांध्यांतल्या खुंट्यांना हात लावावा लागला नाही. पुढच्या मेनंतर बाहेरची टोकं कापायची, तोवर नाही.

खर्च. काकाजींची मजुरी ३१,५००, मदतनीस १४,०००, पाया ९,२००, फाटे २,७००, रिपा ६,८००, नवे कवेलू ४,५००, आरामशीन आणि तुटलेला पट्टा ५,६००, चेनपुली, दोर आणि तेल मिळून २,९००. एकूण ७७,२००. लाकूड घरचं असूनही टिनाच्या कोटेशनपेक्षा १५,२०० जास्त. यात माझी आणि चुलतभावाची मेहनत धरलेली नाही. ज्याला लाकूड विकत घ्यावं लागेल त्याने हा आकडा पाहून टिनच घालावं.

मागच्या कोठ्याचं छप्पर पुढच्या फेब्रुवारीनंतरच्या हंगामात घेऊ. त्याला तिरपे बाभळीचेच लागणार, साग संपला. म्हणून बाभूळ आत्ताच पाडून चिरून घेतली. पट्ट्या कोठ्याच्या सावलीत, मधे काड्या घालून रचल्या आहेत, टोकांना शेण-मातीचा लेप, आणि रासेवर खडूने चिरल्याची तारीख. एक इंच जाडीला एक वर्ष या हिशेबाने दोन इंची पट्टीला दोन उन्हाळे हवेत, तेव्हा कोठा कदाचित आणखी एक वर्ष पुढे जाईल. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.